साताऱ्यांतील एक ख्रिस्ती बिऱ्हाड

कोयना नदी महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीकुशीनें दक्षिणेस येते, हेळवाकापाशीं एकाएकीं पूर्वेकडे तोंड फिरविते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळच, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरण बांधलें गेलें तेव्हां, कोयनानगर ही वसाहत उभी राहिली. तेथून नदीच्या कांठानें पाटणावरून खालीं येऊं लागलें म्हणजे उत्तरेच्या अंगास, डोंगराच्या आड, चाफळ राहतें. समर्थ रामदासांनीं तेथें रामाचें देवालय उभारलें आणि पुढें सज्जनगडावर देह ठेवला. ह्या साऱ्या मुलखावर समर्थांच्या शिकवणीची छाया आहे. आणि त्या शिकवणीचा विशेष असा कीं, परमार्थाइतकीच तींत प्रपंचाची काळजी वाहिलेली आहे. अक्षर कसें काढावें, बोलावें कसें, मूर्ख कोणास म्हणावें, हें सारें 'दासबोधां'त आहे. ऐन लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले अशी ज्यांची आख्यायिका, त्या ब्रह्मचारी पुरुषानें गृहस्थाला घर चालविण्याचा मार्ग सांगावा, ही गोष्ट मौजेची खरी. परंतु संसाराचा उपदेश पुष्कळदां संसाराबाहेरच्या माणसाकडूनच येत असतो.

देवाचें वेड लागलेल्या माणसानें घर कसें चालवावें, आणि त्याच्या घरच्यांनीं त्या वेडाचें काय करावें, हा जुना प्रश्न १९१७ सालीं साताऱ्यांत पुन्हां उभा राहिला. ह्या वेळीं तो उभा राहिला एका ख्रिस्ती बिऱ्हाडांत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मिशनचें वेतन सोडून त्या वर्षीं साताऱ्यास येऊन राहिले. त्यांच्या नांवामागें तोंवर कवि म्हणून महाराष्ट्रभर कीर्ति होती, आणि त्यांच्या घरांत लक्ष्मीबाई होत्या. ह्या बिऱ्हाडाची कथा समजून घ्यावयाची तर थोडें मागें गेलें पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ सालीं मुंबईस उतरले. पुढें अहमदनगर हें त्यांचें मोठें ठाणें झालें, आणि साताऱ्याकडेहि त्यांचें कार्य पसरलें. धर्मोपदेशाबरोबर गृहोपदेश हा त्यांच्या कार्याचा मोठाच भाग होता. १८४२ च्या जून महिन्यांत नगरास 'ज्ञानोदय' निघाला. धर्मचर्चेच्या जोडीला शास्त्रीय माहिती, शाळा, बालविवाह, विधवांची स्थिति, असे नाना विषय त्या पत्रांत येऊं लागले. मुलांसाठीं 'बालबोधमेवा' हें मासिक १८७२ सालीं सुरू झालें. नगरास मिस फरार यांच्या देखरेखीखालीं मुलींच्या शाळा चालत. साताऱ्याकडच्या नायगांवची लेक सावित्रीबाई फुले ह्यांनीं शिक्षिकेचें कांहीं शिक्षण तेथें घेतलें. त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं, परंतु विद्या घेतली. मिशनच्या व्यावहारिक शिकवणीचा लाभ धर्मांतराच्या उंबरठ्याबाहेरच किती जणांना झाला, त्याचें हें एक उदाहरण.

ह्या उपदेशाचें सार थोडक्यांत असें होतें: बायकोला वाचतां यावें, मुलीचें लग्न बाहुल्या खेळण्याच्या वयांत होऊं नये, लग्नासाठीं कर्ज काढूं नये, घरांत दारू येऊं नये, आजाऱ्याला देवऋषाकडे न नेतां औषध द्यावें, आणि नवरा-बायकोनें दिवसांतून एकदां तरी मुलांसह एकत्र बसून प्रार्थना करावी. कृष्णेच्या खालच्या अंगास हाच उपदेश दवाखान्याच्या रूपानें आला. डॉक्टर विल्यम वान्लेस हे १८८९ सालीं सांगलीस आले, आणि १८९४ सालीं मिरजेस त्यांचें रुग्णालय सुरू झालें. काळोख्या खोलींत धुरानें घुसमटलेल्या बाळंतिणीला उजेड व स्वच्छ वारा पाहिजे, हें सांगावयास हजार निबंध पुरे पडले नसते. एक दवाखाना पुरला.

निबंध मात्र पुष्कळ झाले. बाबा पदमनजी हे मूळचे बेळगांवचे, जन्म १८३१ चा; त्यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःखाला मराठी गद्यांत वाचा फोडली. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून ती आज ओळखली जाते. पंडिता रमाबाईंनीं तर ख्रिस्ती होण्यापूर्वींच, १८८२ सालीं, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें होतें. बायकांनीं कसें वागावें ह्याचें तें रीतसर पाठ्यपुस्तकच होय, आणि त्यांतला सूर चांगलाच कडक आहे. त्या वेळीं रमाबाईंचें वय चोवीस वर्षांचें होतें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नंतर केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळानें पोरक्या झालेल्या हजारांहून अधिक जिवांचा संसार त्यांच्या अंगावर पडला. विणकाम, छपाई, शेती, सगळें तेथें बायका-मुली शिकल्या. असला संसार प्रत्यक्ष चालवूं लागल्यावर मात्र बायकांना वागणुकीचे धडे देणारें तसलें दुसरें पुस्तक रमाबाईंच्या हातून झालें नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गृहोपदेशाच्या ह्या साऱ्या वाङ्मयांत एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. ख्रिस्ती घर कसें असावें हें पुस्तक सांगत होतें. परंतु बाप्तिस्मा घेतांच पुष्कळांचें असलेलें घरच मोडत होतें. नवरा ख्रिस्ती झाला कीं बायको माहेरीं जावयाची, सासरा दार लावून घ्यावयाचा, आई जिवंतपणीं मुलाच्या नांवानें आंघोळ करावयाची. ह्या दुःखावर सरकारनें १८६६ सालीं कायद्याचा उपाय काढला. धर्मांतरामुळें जोडीदार सहा महिने नांदावयास येत नसेल तर कोर्टांत जावें. कोर्टानें विचारणा करून विचारासाठीं वर्षाची मुदत द्यावी. आणि तरीहि नकारच आला तर लग्न मोडून धर्मांतर केलेल्यास दुसरा विवाह करण्याची मोकळीक द्यावी. कायदा न्यायाचा होता, सोयीचाहि होता. तुटलेलें जोडण्याची कला मात्र कायद्याच्या पुस्तकांत कोठेंच नसते.

नारायण वामन टिळक हे कोंकणांतील करजगांवचे. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें तें नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशीं. मुलीचें वय अकरा-बारा वर्षांचें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवलें. तिच्या माहेरीं सोंवळ्याचा कडेलोट झालेला होता. बाहेरून आलेली वस्तु पाण्यानें शुद्ध झाल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं, असा वडिलांचा दंडक. आणि त्या दंडकाखालीं सारें घर भिजून गारठलेलें. मुलीला शाळेचें तोंड ठाऊक नव्हतें. अक्षरओळख करून दिली ती पुढें नवऱ्यानें. टिळकांना शिकविण्याची हौस अपार होती, धीर मात्र बेताचा. तरीहि बायको वाचावयास शिकली. हा प्रकार टिळक ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधींचा आहे, हें येथें लक्षांत ठेविलें पाहिजे. माणसाचा मूळचा स्वभाव धर्मांतरानें पालटतो तो थोडाच. पुष्कळसा तो नव्या घरांत जुन्या सामानाबरोबरच येतो.

टिळकांचा स्वभाव वाऱ्यासारखा होता. एका गांवीं टिकावयाचें नाहीं, एका नोकरींत रमावयाचें नाहीं. खिशांत असेल तें दुसऱ्याच्या हातांत द्यावयाचें आणि नसेल त्याची फिकीर करावयाची नाहीं. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं बायबलाचा नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें ते वेधले गेले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पदरीं लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि चारी बाजूंनीं सांत्वनाच्या नांवाखालीं टोंचणी. कांहीं काळ त्या पंढरपुरास राहिल्या. विठोबाच्या दारांत बसून ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या ह्या बाईच्या तोंडून त्याच विरहाच्या दिवसांत कविता बाहेर पडली. टिळकांना कायद्याचा मार्ग मोकळा होता. सहा महिने काय, साडेचार-पांच वर्षें लोटलीं. त्यांनीं कोर्टाची पायरी चढली नाहीं आणि दुसरें लग्नहि केलें नाहीं. पत्रें चाललीं, भेटी झाल्या, रुसवे झाले, नातलगांचे अडथळे झाले. आणि अखेर लक्ष्मीबाई नगरास नवऱ्याच्या घरीं आल्या.

त्या आल्या त्या हिंदु म्हणून, आपल्या सोंवळ्यासह. ख्रिस्ती पाद्र्याच्या घरांत बायकोची चूल निराळी, पाणी निराळें, असा अपूर्व संसार सुरू झाला. मिशनच्या कोणत्याहि गृहोपदेशांत अशा घराचें चित्र सांपडणार नाहीं. आणि तरीहि ख्रिस्ती कुटुंबधर्माच्या मराठी इतिहासांत ह्या दुहेरी चुलीच्या घराएवढें मोलाचें घर क्वचितच दाखवितां येईल. श्रद्धा ही जुलमानें द्यावयाची वस्तु नव्हे, हें व्यासपीठावरून बोलणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या जेवणघरांत, रोज दोन वेळां, तोंडांतून शब्द न काढतां तें पाळून दाखविणें निराळें. टिळक स्वभावानें तापट होते, उतावळे होते. ह्या एका बाबतींत मात्र त्यांनीं उतावळेपणा केला नाहीं. ह्या एका संयमापुढें त्यांचे शंभर उतावळेपणे विसरून जावेत.

पुढें राहुरीस असतांना लक्ष्मीबाईंच्या मनाची गांठ आपोआप सुटली. माणसें देवानें केलीं. जाती कोणीं केल्या? हा प्रश्न त्यांनीं आपला आपल्यालाच घातला, आणि उत्तर मिळतांच त्याच दमांत त्याप्रमाणें वागावयाचें ठरविलें. कोणाच्याहि हातचें खावयाचें, कोणाच्याहि हातचें प्यावयाचें. जलालपूरच्या त्या भिजलेल्या घरांत वाढलेल्या बाईनें हें ठरवावें, ह्याचें वजन ज्यांनीं तसलें सोंवळें पाहिलें आहे त्यांनाच कळेल. बाप्तिस्मा ह्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे: आधीं हातांतला तांब्या बदलला, मग नांवापुढचा धर्म. आणि नांव तर बदललेंच नाहीं. त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. मुलगा देवदत्त राहिला, मुलगी तारा राहिली. बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नांवें घेण्याची चाल त्या काळीं कांहीं घरांतून पडली होती, ती ह्या घरानें उचलली नाहीं.

टिळकांचें घर म्हणजे धर्मशाळाच होती. दुष्काळ आणि प्लेग ह्यांनीं त्या वर्षांत नगर जिल्ह्याची दैना केली होती. पोरकीं मुलें मिशनच्या आश्रयास येत होतीं. त्यांतून टिळकांचा स्वभाव असा कीं, वाटेंत भेटलेल्या माणसाला जेवावयास घरीं आणावयाचें आणि घरांत पीठ आहे किंवा नाहीं हें विचारावयाचें नाहीं. बालकवि ठोमरे त्यांच्याकडे नगरास राहत होते तेव्हांहि घराची ही तऱ्हा चालूच होती. अशा घराचा जमाखर्च कोणीं ठेवावयाचा? पगार आला कीं तो नवऱ्याच्या हातांतून वेळेवर काढून घेणें, आलेल्या पाहुण्याला कमी न पडूं देतां दुसऱ्या दिवसाचा शेर-आतशेर मागें ठेवणें, रागावलेल्या नवऱ्याला हंसविणें आणि हंसतां हंसतां आपलें म्हणणें पुरें करून घेणें, ही सारी विद्या लक्ष्मीबाईंची. टिळकांनीं दया शिकविली असेल. दयेला पुरेल एवढें धान्य डब्यांत असावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें.

तिन्हीसांजेची प्रार्थना हा मराठी ख्रिस्ती घराचा कणा होय, आणि तिला मराठी गळा टिळकांनीं दिला. त्यांच्यापूर्वींच्या प्रार्थनागीतांत इंग्रजी चालींवर ओढून बसविलेली मराठी फार होती. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन, पोळपाट बाजूला सारून, आजी-नातवंडांना एकत्र म्हणतां येईल असें पद त्या चालींत सहसा मिळत नसे. टिळकांचें मन तुकोबांच्या अभंगांवर पोसलेलें. त्यांच्याच वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते म्हणत. त्यांनीं अभंग लिहिले, पदें लिहिलीं, कीर्तनें रचलीं. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांत त्यांचीं सुमारें अडीचशें पद्यें आहेत. सातारा, सांगली, मिरज, नगर, कोठल्याहि मराठी ख्रिस्ती घरीं नाताळांत जावें. करंज्या-शंकरपाळ्यांच्या ताटाबरोबर टिळकांचें एखादें पद ऐकावयास मिळणारच. ग्रंथांतला धर्म स्वयंपाकघरापर्यंत पोंचावयाला चाल लागते, ती ही.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. परंतु पगारी धर्मसेवा त्यांच्या मनास उत्तरोत्तर बोंचूं लागली. १९१७ सालीं त्यांनीं ती सोडली, साताऱ्यास आले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनीं एका कुटुंबासारखें एकत्र यावें, ही त्यामागची कल्पना. दुहेरी चुलीच्या घरांत जें त्यांनीं एका बायकोपुरतें मान्य केलें होतें, तेंच आतां ते साऱ्या समाजापुढें मांडीत होते. मिशनमधील पुष्कळांना हें रुचण्यासारखें नव्हतें. बाप्तिस्म्याची रेघ पुसली तर मंडळी कोणती आणि बाहेरचे कोण, हा त्यांचा प्रश्न अगदींच पोकळ होता असें म्हणवत नाहीं.

त्याबरोबरच टिळकांनीं संन्यास जाहीर केला. ख्रिस्ती संन्यासी, आणि घरीं बायको, मुलें! समर्थांनीं निदान बोहल्यावरूनच पाय काढला होता. टिळकांनीं लग्नाला सदतीस वर्षें झाल्यावर तो काढला, आणि तोहि घरांत राहूनच. त्यांच्या चरित्रकारांनीं ह्या संन्यासाची थोरवी गाइली आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु वेतन सोडणाऱ्याचें नांव होतें, वेतनावांचून चूल पेटविणारीचें होत नाहीं, हा आपल्याकडील चरित्रवाङ्मयाचा जुनाच दोष आहे. साताऱ्याच्या त्या बिऱ्हाडांत संन्यास एकाचा होता आणि त्याची किंमत सर्वांना भरावी लागत होती. लक्ष्मीबाईंनीं ती भरली. कधीं कुरकुरून, कधीं थट्टा करून. नवरा देवाच्या दरबारांत बसला असतांना दारांतल्या देणेकऱ्यांना तोंड देणारें माणूसहि त्याच दरबाराचें असतें, एवढें तरी टिळकांच्या भक्तांनीं मानावयास हरकत नव्हती.

हा प्रयोग फार दिवस चालावयाचा नव्हता. टिळकांची प्रकृति ढांसळली. त्यांना मुंबईस नेण्यांत आलें, आणि १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस ते तेथें वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दफन न करतां दहन करण्यांत आलें आणि रक्षा नगरास नेण्यांत आली. मरणानंतरहि त्यांनीं आपल्या मंडळीला एक लहानसा धक्का दिलाच. साताऱ्याचा दरबार त्यांच्यामागें त्या जोमानें उभा राहूं शकला नाहीं.

उभ्या राहिल्या त्या लक्ष्मीबाई. मुलाला वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या, असें ठरलें. ज्या बाईला अक्षरें नवऱ्यानें शिकविलीं, तिनें नवऱ्याविषयीं लिहावयास घेतलें आणि जें झालें तें 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊं लागले. त्यांत उपदेशाचें एक अवाक्षर नाहीं. टिळकांचा राग आहे, त्यांचा विसराळूपणा आहे, स्वतःच्या फजित्या आहेत. पांच वर्षांचा वनवास आहे, आणि त्याच्याविषयीं कोणावर सूड उगविण्याची इच्छा नाहीं. ज्या सुशिक्षित घरांनीं 'ज्ञानोदया'चा एकहि अंक उघडला नसेल, त्या घरांतील बायकांनीं दुपारच्या वेळीं हें पुस्तक हंसत आणि डोळे पुशीत वाचलें. ख्रिस्ती कुटुंब आंतून कसें असतें, हें महाराष्ट्राला प्रथम कळलें तें ह्या पुस्तकावरून.

टिळकांनीं 'ख्रिस्तायन' नांवाचें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतलें होतें. दहा-अकरा अध्याय झाले आणि तें तसेंच राहिलें. घरांत अर्धवट टाकलेलें काम पुरें करावयाची लक्ष्मीबाईंना जन्माची संवय. त्यांनीं तें हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस त्या वारल्या, तेव्हां शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तानें लिहिला, आणि बापानें आरंभिलेलें, आईनें वाढविलेलें, मुलानें संपविलेलें तें पुस्तक १९३८ सालीं छापून निघालें.